एक जुलैचं बिऱ्हाड

शिडीवर उभ्या पास्कालच्या हातून स्क्रू निसटला, टणटण उड्या मारत रेडिएटरच्या मागे जाऊन पडला, आणि पास्कालनं इथल्या रिवाजाप्रमाणे चर्चमधल्या एकेका पवित्र वस्तूचं नाव घेऊन खच्चून शिव्या द्यायला सुरुवात केली. त्यात नवल काही नव्हतं. पास्कालच्या शिव्या म्हणजे किटलीची वाफ. क्षणात संपणाऱ्या, कुणालाच न लागणाऱ्या. तळमजल्याचं हे घर भाडेकरू सोडून गेल्यापासून रिकामं होतं, त्यामुळे आवाज जरा जास्त घुमला, एवढंच. त्याची बायको आनिक स्वयंपाकघरात ओट्याखालचे कप्पे पुसत होती. तिनं मान वर केली ती शिव्यांमुळे नाही, घरातली हवा अचानक थांबली म्हणून. त्यांची आठ वर्षांची फ्लावी इतका वेळ बाहेरच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती, ती उठून खिडक्या लावत फिरत होती. आधी रस्त्याकडची मोठी, मग तिच्या शेजारची, मग मागच्या गल्लीकडची. घाबरलेली वगैरे मुळीच दिसत नव्हती. रोजचं काम उरकावं तशी ती स्वयंपाकघरात आली, ओट्यावरचा लिंबूपाण्याचा काचेचा जग दोन्ही हातांनी उचलून आत भिंतीकडे सरकवला, टाचा उंचावून ओट्यावरची खिडकीही खाली ओढली आणि परत जाऊन चित्राला लागली. बाहेर असं ऊन होतं की डांबराला चपला चिकटत होत्या.

"खिडक्या कशाला लावल्यास गं?" आनिकनं विचारलं.

"शेजारच्यांना कशाला ऐकू जायला हवं," फ्लावी म्हणाली. पेन्सिल थांबलीसुद्धा नाही तिची.

आनिकच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. हे वाक्य तिच्या आईचं होतं, युगेतचं, अगदी शब्दन् शब्द. आणि युगेत गेली तेव्हा फ्लावी इतकी लहान होती की तिला आजीचा चेहराही फोटो पाहूनच आठवायचा. म्हणजे हे वाक्य आजीकडून आलेलं नव्हतं. मधे एकच माणूस होतं. आनिक आठवू लागली, आपण हे कधी बोललो, आणि जसजशी आठवू लागली तसतसा तिला स्वतःचाच संताप येऊ लागला, कारण आठवणी एकीमागून एक येतच राहिल्या. पास्काल आणि त्याचे मित्र हॉकीची मॅच बघताना ओरडायला लागले की ती उठायची. समोरच्या घरातलं जोडपं गाडी लावण्यावरून भांडायला लागलं की ती उठायची. फ्लावीची मैत्रीण बाहुलीवरून रडून गोंधळ घालायला लागली तेव्हाही ती उठली होती आणि खिडक्या लावून, टेबलावरचे काचेचे पेले उचलून मग मुलींकडे गेली होती. पास्कालला वाटायचं हिला गारठा सोसत नाही. माझ्या बायकोला जुलैतही थंडी वाजते, असा त्याचा एक ठरलेला विनोद होता आणि त्यावर ती दर वेळी हसायची. या घरात कुणी कुणावर कधी हात उगारला नव्हता. पोरीनं काहीही पाहिलं नव्हतं. तरी पोरगी तयार होऊन बसली होती, आणि तिला तयार कुणी केलं, तर जिनं जन्मभर हेच होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केला तिनं.

करायचं म्हणून काय बाकी ठेवलं होतं? तिनं जगातला सर्वांत निरुपद्रवी माणूस शोधून लग्न केलं. परत म्हणून बिऱ्हाड हलवायला लागू नये यासाठी कर्ज काढून हे वर-खाली दोन बिऱ्हाडांचं घर घेतलं. मुलं कशी वाढवावीत यावरची पुस्तकं पेन्सिलीनं खुणा करत वाचली. आणि मुख्य म्हणजे तोंड शिवून घेतलं. आजोबांबद्दल एक अक्षर फ्लावीच्या कानावर पडू दिलं नाही, कारण तिचं म्हणणं असं की न सांगितलेली गोष्ट तिथल्या तिथे मरते. मरते कसली! खिडकीच्या कडीतून, पेल्यांच्या जागेतून, चालता चालता मधेच थांबून कान देण्याच्या सवयीतून ती मजेत पुढे सरकते. आनिकला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आणि हे सगळं कळायला मुहूर्त कोणता, तर आजचा. थोड्या वेळात तिचा भाऊ बेन्वा भाड्याचा ट्रक घेऊन येणार होता, आणि त्या ट्रकमध्ये त्यांच्या वडिलांचं सामान आणि स्वतः वडील असणार होते. रेमाँ आजपासून इथे, या तळमजल्यावर राहायला येत होता. पास्काल जो पडद्याचा दांडा ठोकत होता तो त्याच्याच खोलीचा होता.

बाहेर सगळा रस्ता सामानानं भरला होता. या शहराला कुणी ही बुद्धी दिली कोण जाणे, पण इथे जवळजवळ सगळ्यांचे भाडेकरार एकाच दिवशी संपतात आणि एक जुलैला अर्धं माँट्रियाल उरलेल्या अर्ध्याच्या घरात राहायला जातं. गाड्यांच्या टपावर गाद्या, बाहेरच्या गोल लोखंडी जिन्यांवर अडकलेले फ्रिज, फुटपाथवर देवाच्या भरवशावर सोडलेले सोफे. आनिकच्या लहानपणी त्यांचं कुटुंब दर वर्षी या गर्दीत असायचं. बाकीचे लोक मोठं घर हवं म्हणून हलायचे, नाहीतर स्वस्त हवं म्हणून. ते हलायचे कारण शेजाऱ्यांना कळलेलं असायचं. वसंत ऋतू आला, बर्फ वितळलं, लोकांनी खिडक्या उघडल्या की एखादी बाई जिन्यात युगेतकडे जरा जास्त वेळ बघायची, नाहीतर कुणीतरी भिंतीवर थापा मारायचं, आणि मग युगेत जेवताना म्हणायची, यंदा जरा उजेडाचं घर बघू या. घर बघायला जाताना ती दोन्ही मुलांना बरोबर न्यायची. घरमालक नळ सोडून दाखवायचा, कपाटं उघडून दाखवायचा, आणि युगेत हो हो म्हणत, सहज टेकल्यासारखं करत, बोटातल्या लग्नाच्या अंगठीनं भिंतीवर टकटक करून बघायची. भिंत भरीव आहे की पोकळ. आनिकला वाटायचं घर बघताना सगळ्याच बायका असं करतात. हे घर घेताना दलालासमोर तिनंही अंगठीनं भिंत वाजवली होती आणि दलाल कौतुकानं म्हणाला होता, बाईंना बांधकामातलं कळतं.

या सगळ्यात तिला सर्वांत जास्त वैताग कशाचा येत असेल तर तो याचा, की एक जुलै तिला अजून आवडायचा. गाड्यांच्या टपावरच्या गाद्या दिसल्या की ती हरखायची, आजही सकाळी हरखली होती. कारण वर्षातल्या त्या एका दिवशी रेमाँ कुणाला मारायचा नाही. तो बसच्या डेपोत मेकॅनिक होता, अंगानं दणकट, हाताचा कुशल आणि बोलायला गोड. दारू म्हणाल तर बेताची. लोकांना नवरा मारतो म्हटलं की झिंगलेला नवरा हवा असतो, म्हणजे सगळं दारूच्या माथी मारून मोकळं होता येतं. रेमाँनं तीही सोय ठेवली नव्हती. एक जुलैला तो पट्टा पाठीला बांधून एकटा फ्रिज उचलायचा, आपलं झालं की समोरच्यांचा, मग वरच्यांचा. नवी गल्ली पहिल्याच दिवशी त्याच्यावर खूश असायची. संध्याकाळी खोक्यांवर बसून सगळे पिझ्झा खायचे, बिअर प्यायचे, आणि रेमाँ युगेतच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, आमच्या राणीला पसंत पडलं ना, मग झालं. आनिक पिझ्झ्याची कडा चावत नव्या भिंतींकडे बघायची आणि तिची दर वर्षी नव्यानं खात्री व्हायची की या घरात नाही होणार. एरवी हुशार मुलगी होती, गणितात पहिली यायची. पण हा एवढा हिशेब तिला कधी जमला नाही.

मग जुलै सरायचा. गरमीचे दिवस, सगळ्या गल्लीच्या खिडक्या उघड्या, आणि त्यांच्या घरात युगेत संध्याकाळी एक एक खिडकी लावत फिरायची. खिडक्या लागल्या की कळायचं. आनिकला त्याही आधी कळायचं. जिन्यावरच्या पावलांवरून, किल्ली कुलपात जाण्याआधी किती वेळ थांबली त्यावरून, डबा टेबलावर ठेवल्याच्या आवाजावरून. तिच्या पोटात दुखायचं, खरंखुरं दुखायचं, ती शाळेत वाकून बसायची आणि शाळेची नर्स तिला पेपरमिंटची गोळी देऊन म्हणायची, नाश्ता नीट करत जा. बेन्वा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याची तऱ्हा वेगळी होती. तो जेवणाच्या टेबलावर नकला करायचा. पाद्र्याची, बसच्या डेपोतल्या साहेबाची, टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईची. पपा हसला तर आजचा दिवस निघाला. घामाघूम होऊन नकला करायचा पोरगा, आणि लोक म्हणायचे काय गमत्या आहे. आता तो शेजारच्या लाव्हालमध्ये पोहण्याचे हौद विकायचा, दोन मुलगे होते त्याला, आणि अजूनही कुठल्याही खोलीत दोन क्षण शांतता झाली की त्याला विनोद सुचायचाच. आनिक शाळेच्या बस चालवणाऱ्या कंपनीत बसून रेडिओवरून ड्रायव्हरांना रस्ते सांगायची. बर्फाच्या वादळात वीस ड्रायव्हर एकाच वेळी ओरडत असताना तिचा आवाज तसूभरही वर जात नसे. तिचा साहेब नव्या लोकांना सांगायचा, शांत कसं राहावं ते हिच्याकडून शिका. शांत! घरी गेल्यावर तासभर तिचा जबडा सुटायचा नाही.

आणि या सगळ्याबद्दल कधी कुणाशी बोलायचा प्रयत्न केलाच तर प्रत्येक जण तोच एक प्रश्न विचारायचा. तुलाही मारायचे का? बेन्वा तर प्रश्नसुद्धा विचारायचा नाही, निकालच द्यायचा: आपल्याला कधी बोट लावलं नाही ना त्यानं, मग सोड की. लग्न नवं असताना पास्कालनंही विचारलं होतं, हळूच, तिचा हात हातात घेऊन, आणि ती नाही म्हणाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती पाहून तिनं तो विषय कायमचा मिटवून टाकला. खुद्द युगेत हेच म्हणायची. ओठाला बर्फाचा रुमाल धरून, जवळजवळ अभिमानानं: तुम्हाला तर काही करत नाही ना तो. आनिकला आईचा जेवढा राग यायचा तेवढा बापाचा येत नसे, आणि या गोष्टीची तिला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून परत आईचाच राग यायचा. मेल्या माणसावर किती चिडायचं यालाही काही मर्यादा असावी. पण दर वर्षी अंगठीनं भिंती वाजवत फिरण्याऐवजी एकदा, एकाच एक जुलैला, दोन पोरांना आणि तीन खोक्यांना घेऊन भलत्याच दिशेनं निघून जायला काय झालं होतं तिला? ट्रक दाराशी उभाच असायचा ना.

बरं, रेमाँला इथे बोलावलं कुणी? तिनंच. मार्चमध्ये सगळे मेपलच्या रानात, झाडांच्या रसाचा पाक करतात त्या शुगर शॅकवर जेवायला गेले होते. लांब बाकं, पाकात बुडालेली अंडी न् हॅम, बाहेर बर्फावर ओतलेला मेपलचा गरम पाक काडीला गुंडाळून खाणारी पोरं. बेन्वा म्हणाला, तुझा तळमजला रिकामाच होतोय, पपा तरी एकटा किती दिवस राहणार, आता तो काय पूर्वीचा राहिलाय का? फ्लावीनं टाळ्या पिटल्या. तिचा आजोबांवर भारी जीव होता. ते तिला लाकडाचे पक्षी करून द्यायचे, पंख हलणारे. रेमाँनं फक्त काटा ताटाच्या कडेवर ठेवला, किंचित जोरात. आनिकला आपलं तोंड बोलताना ऐकू आलं, छानच होईल की. एवढंसं वाजलेला एक काटा, आणि तिनं चाळिशी उलटल्यावर स्वतःच्या हातानं त्याला घर देऊन टाकलं. त्याआधी लाँग्यूईमधल्या वृद्धांच्या वसतिगृहात त्याच्यासाठी चांगली खोली पाहून ठेवली होती, ती त्यानं तिथलं जेवण मिळमिळीत म्हणून नाकारली होती. तेव्हापासून एप्रिल गेला, मे गेला, जून गेला, रोज सकाळी तिला वाटायचं आज सांगू, आणि ती पडद्याचं कापड बघायला जायची.

पास्काल स्क्रू शोधून खोलीतून बाहेर आला. अंगाला घामानं चिकटलेला शर्ट सोडवत तो म्हणाला, भट्टी झालीय इथे, कुणी लावल्या खिडक्या?

"पपा इथे राहणार नाही," आनिक म्हणाली.

पास्कालला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. आजचा दिवस कोणता आहे हे तिला माहीत आहे ना, असं त्यानं विचारलं. तिकडे रेमाँच्या घरात एव्हाना नवे भाडेकरू शिरले असतील. आज या शहरात ज्याच्या नावावर घर नाही तो रस्त्यावर आहे. आणि तीन महिन्यांपूर्वी हो तूच म्हणाली होतीस, असंही तो म्हणाला, जरा चिडून. त्याचं चिडणं रास्तच होतं.

"मला हो म्हणता येतं म्हणून म्हणाले. तेवढंच शिकलेय मी," ती म्हणाली. मग तिनं त्याला फ्लावीनं काय केलं ते सांगितलं. खिडक्या, जग, ते वाक्य. पास्काल ऐकत होता आणि त्याची नजर उघड्या दारातून फ्लावीच्या पाठीकडे जात होती. जुलैतल्या थंडीचा आपला विनोद त्याला त्या वेळी आठवला असावा, कारण त्याचा चेहरा एकदम कसनुसा झाला. तो उठला. तू सांगतेस की मी सांगू, एवढंच त्यानं विचारलं. ती म्हणाली, मी. मग तो फ्लावीला बर्फाची कांडी खायला वरच्या मजल्यावर घेऊन गेला.

ट्रक आला तो कर्णा वाजवत. बेन्वानं ट्रकमधून उडी मारली आणि वाकून सलाम करत म्हणाला, महाराणी, आपला नवा भाडेकरू हजर आहे, भाडं मात्र आधी घ्या. रेमाँ पुढच्या सीटवर मांडीवर टेबलफॅन घेऊन बसला होता. वजन उतरलेलं, मानेची कातडी लोंबलेली, शर्टाची सगळी बटणं लावलेली. त्यानं तिला बघून हात हलवला. आनिकचाही हात हसून आपोआप वर गेला, आणि तिला स्वतःची इतकी चीड आली की त्या चिडीच्या जोरावरच ती बेन्वाला दंडाला धरून ट्रकच्या मागे घेऊन गेली. तिनं एका दमात सांगितलं. सामान उतरवू नकोस, तो इथे राहणार नाही, मी चुकले, मला आधी सांगायला हवं होतं.

बेन्वा हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. "आज सांगतेस? एक जुलैला? अगं, मी निघालो तेव्हा त्याच्या बेडरूममध्ये लोक पलंग जोडत होते."

"तुझ्याकडे घेऊन जा. तुझं तळघर अख्खं रिकामं आहे."

"माझ्याकडे नाही."

"का? तूच म्हणतोस ना तो बदललाय. म्हातारा झालाय, गरीब झालाय. आपल्याला कधी बोट लावलं नाही."

"माझ्याकडे नाही म्हटलं ना. घरात पोरं आहेत."

तो बोलून गेला आणि मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. तो तसाच उभा राहिला, तोंड थोडं उघडं, आणि आनिकनं आयुष्यात पहिल्यांदा त्याचा विनोद नसलेला चेहरा पाहिला. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हताच. तिला वाटलं होतं असं काही ऐकलं तर आपण भडकू, कारण मार्चपासून तोच तिला समजावत होता, तिच्या घरातही एक पोर आहे याची त्याला पर्वा नव्हती. ती भडकलीही. गाढव, लबाड, भित्रा, असं सगळं तिच्या तोंडावर आलं. पण तो ट्रकच्या फळीवर बसला आणि तळव्यांनी डोळे चोळत पुन्हा पुन्हा म्हणू लागला, मला माहीत नव्हतं गं, मला खरंच माहीत नव्हतं मी असं म्हणेन, आणि त्याच्यावर ओरडण्यात काही राम उरला नाही. ती त्याच्या शेजारी बसली. समोरच्या जिन्यावर चार जणांनी एक पियानो अडकवून ठेवला होता आणि प्रत्येक जण दुसऱ्याला उचल म्हणत होता.

त्यांच्या पाठीमागून रेमाँ आला. फॅन हातातच होता. सामान का उतरत नाही, असं त्यानं विचारलं, नेहमीच्या मऊ आवाजात. आनिक उभी राहिली आणि म्हणाली, पपा, तू इथे राहणार नाहीस. लाँग्यूईच्या खोलीसाठी मी आजच फोन करते, तोवर बेन्वा तुला मोटेलमध्ये सोडेल, सामान ट्रकमध्येच राहू दे. वाक्यं पुरी झाली. तिला वाटलं होतं होणार नाहीत.

रेमाँनं फॅन खाली ठेवला आणि उघड्या पंजानं ट्रकच्या पत्र्यावर एक दणका मारला.

रस्त्यावर एवढा गोंगाट चालला होता की कुणी वळूनही पाहिलं नाही. पण ट्रकच्या फळीवर बसलेल्या बेन्वानं त्याच क्षणी नाकात बोलायला सुरुवात केली होती, हवामानवाल्या बाईची नक्कल, उद्या पाऊस पडण्याची शक्यता, असं काहीतरी, आणि तो अर्ध्या शब्दात थांबला. आणि आनिकच्या लक्षात आलं की आपण एक पाऊल पुढे सरकून, डावा हात किंचित पसरून उभ्या आहोत, पाठीमागे कुणी बाई असावी तसं. पाठीमागे कुणीही नव्हतं. रेमाँ धापा टाकत होता. दणका मारलेला हात त्यानं दुसऱ्या हातात धरला होता, दुखला असणार.

"तुम्हा पोरांना मी कधी बोट तरी लावलं का?" तो म्हणाला.

"नाही लावलंस," आनिक म्हणाली. "तरी नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी आणखी येईल, ती सावरेल, छानच होईल की म्हणेल, अशी वाट बघत होता बहुतेक. तिनं पाऊल मागे घेतलं नाही. तिला त्याची दया येत होती, खोटं कशाला बोलायचं, त्या बटणं लावलेल्या शर्टाची, त्या हाताची फार दया येत होती. पण दया येणं आणि हो म्हणणं या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे तिला त्या रस्त्यावर, उन्हात, आजूबाजूला सामानाची धडधड चालू असताना कळलं, आणि इतकं साधं काहीतरी कळायला इतका उशीर लागला याचाही तिला वैतागच आला. शेवटी बेन्वा उठला. त्यानं फॅन उचलला, दुसऱ्या हातानं वडिलांचं कोपर धरलं आणि म्हणाला, चल पपा, त्या मोटेलात पोहण्याचा हौद आहे, मीच विकलाय. आवाज फुटत होता त्याचा. ट्रक गर्दीतून मागे घेताना त्यानं काच खाली केली आणि तिच्याकडे बघत गेला.

ट्रक वळणाआड गेल्यावर आनिक बाहेरच्या लोखंडी जिन्याकडे वळली तर फ्लावी मधल्या पायरीवर बसलेली. तोंड बर्फाच्या कांडीनं निळं झालेलं. किती वेळ बसली होती कोण जाणे. वरून पास्काल मी बघतोय तोवर ही सटकली अशा अर्थाचे हातवारे करत होता. आनिकनं त्याला आत जायची खूण केली आणि ती फ्लावीच्या खालच्या पायरीवर बसली. लोखंड तापलेलं होतं.

"आजोबांना का परत पाठवलंस?"

हे सांगायला पुस्तकात खुणा करून ठेवलेली वाक्यं होती, हळुवार, वयाला शोभेल अशी. त्यातलं एकही तिला आठवेना. "आजोबा आजीला मारायचे," ती म्हणाली. "मी तुझ्याएवढी होते तेव्हा. पुष्कळदा. म्हणून मला मोठ्या आवाजाची भीती वाटते. आपल्या घरात तसं काही नाही. तुझा पपा ओरडला तरी तसं काही नाही. पण मला वाटते, आणि माझं बघून बघून तुलाही वाटायला लागली. ती माझी आहे, तुझी नाही."

फ्लावी कांडीची काडी चोखत विचार करत राहिली. आता ती विचारणार, आनिकला वाटलं, सगळे विचारतात तेच. आणि त्याचं उत्तर तिनं जिभेवर आणूनही ठेवलं.

"मग तू कुठे असायचीस?"

"म्हणजे?"

"आजोबा आजीला मारायचे, तेव्हा तू कुठे असायचीस?"

नर्सनं, भावानं, नवऱ्यानं, कुणीही आजवर आनिकला हे विचारलं नव्हतं. ज्यांना कळलं त्यांनी मार कुणाला बसला तेवढंच पाहिलं होतं, जणू घरात तेवढीच माणसं होती.

"न्हाणीघरात," ती म्हणाली. "तिथल्या टबमध्ये. बेन्वामामा आणि मी. आतून कडी लावून."

"पाण्यात?"

"नाही गं. कोरडाच असायचा. कपड्यांसकट बसायचो. तो एका टोकाला, मी दुसऱ्या."

"टब टोचतो," फ्लावी म्हणाली. ती एक पायरी खाली सरकून आईच्या शेजारी अंग चोरून बसली. "उशी होती का तुला?"

आनिक आठवू लागली. घरं बदलायची, टब बदलायचे, एक हिरवा होता, एकाचा मुलामा उडालेला होता, एकाच्या नळातून थेंब पडायचा आणि मान ओली व्हायची. उशी कुठल्याच टबात नव्हती. उशी घ्यावी असं त्या दोघांपैकी कुणालाही कधी सुचलंसुद्धा नव्हतं, एवढी हुशार मुलगी, गणितात पहिली येणारी. ती नाही म्हणायला गेली आणि तिला रडू फुटलं, भर दुपारी, सगळ्या रस्त्यादेखत, मोठ्यांदा.